मॅडम म्हणाल्या ‘आधी कोडिंग कर’, म्हणजे नक्की काय करायचं?

माझी भाची पुण्यात एमबीए करतेय. प्रोजेक्टसाठी तिने किराणा दुकानदारांच्या मुलाखती घेतल्या, एकूण चौदा, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, सगळ्या मराठीत, फोनवर रेकॉर्ड करून मग रात्री जागून टाईप केलेल्या. तो गठ्ठा घेऊन गाईडकडे गेली तर मॅडम म्हणाल्या, छान झालंय, आता याचं कोडिंग कर आणि मग ये. संध्याकाळी मला फोन, आवाज रडवेला, “मावशी, मी कॉमर्सची गं, मला कोडिंग कुठे येतं, आता पायथन शिकत बसू का?”

पायथन ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा, ती शिकायची काहीच गरज नव्हती. पण तिचा गोंधळ अगदी साहजिक आहे, कारण हल्ली ‘कोड’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो आणि दर वेळी अर्थ वेगळा असतो. दुकानात क्यूआर कोड, कुरिअरवाल्याला पिन कोड, बँकेत आयएफएससी कोड, जीएसटीच्या बिलावर एचएसएन कोड, निवडणूक आली की कोड ऑफ कंडक्ट, बातम्यांत नवे लेबर कोड, आणि त्यात भर म्हणून ‘वाइब कोडिंग’ (एआयला सांगून प्रोग्रॅम लिहून घेणं), जो शब्द एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला आणि त्याच वर्षी कॉलिन्स डिक्शनरीने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. मग संशोधनातलं कोडिंग वेगळं असतं हे तिला कोणी सांगायला नको का? म्हणून हे सगळं एकदा मुळापासून.

## लाकडाच्या ओंडक्यापासून कायद्यापर्यंत

लॅटिनमध्ये कोडेक्स म्हणजे झाडाचं खोड, ओंडका. रोमन लोक लाकडाच्या पाट्यांवर मेण लावून त्यावर लिहायचे, अशा पाट्या एकत्र बांधल्या की तो कोडेक्स, पुढे बांधलेल्या पुस्तकालाच कोडेक्स म्हणायला लागले आणि त्यातून कायद्यांचं एकत्र केलेलं पुस्तक म्हणजे कोड. सम्राट जस्टिनियनचा कोड इसवी सन ५२९ चा, नेपोलियनचा १८०४ चा. गोव्यात तर १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, त्यातला कौटुंबिक कायद्याचा काही भाग, आजही चालतो.

मराठीत या अर्थाला फार नेमका शब्द आहे, संहिता. आचारसंहिता, दंड संहिता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेले लेबर कोड म्हणजेही तेच, कामगारांसाठीचे २९ वेगवेगळे कायदे ४ संहितांत गोळा केलेले. इथे गुप्त असं काही नसतं, उलट सगळ्यांना कळावं म्हणूनच एकत्र लिहून काढलेलं असतं. सांकेतिक किंवा गुप्त हा अर्थ कोड शब्दाला खूप उशिरा चिकटला, एकोणिसाव्या शतकात.

मला वाटतं आपला निम्मा घोळ इथेच आहे. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेल्या गोष्टींना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, संहिता वेगळी, संकेतांक वेगळा, सांकेतिक भाषा वेगळी, आज्ञावली वेगळी. आपण सगळ्याला ‘कोड’ म्हणायला लागलो आणि मग कुठला कोड ते ओळखायचं काम ऐकणाऱ्यावर आलं.

## आपल्या आजी-आजोबांचे कोड

लहानपणी ‘च’ची भाषा बोलला असालच. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च आणायचा, म्हणजे ‘मला पाणी दे’ झालं ‘चलाम चाणीप चेद’. नियम एकच, तो कुठल्याही शब्दाला लागतो, आणि नियम माहीत असलेला माणूस लगेच उलटं करून मूळ वाक्य काढतो. अक्षरांची अशी अदलाबदल असते तिला जाणकार लोक ‘सायफर’ म्हणतात.

आता याच्या शेजारी व्यापाऱ्यांची नंदभाषा ठेवा. जुन्या काळी मराठी व्यापारी गिऱ्हाइकासमोर आपसात भाव बोलायला ही वापरायचे. केवली म्हणजे एक, मुळू म्हणजे पाच, अंगळू म्हणजे दहा. यात नियमबियम काही नाही, पाचाला मुळूच का याला उत्तर नाही, आधीपासून ठरलंय म्हणून. यादी पाठ असेल तर कळेल, नसेल तर डोकं फोडलं तरी कळणार नाही. हा खरा कोड, अख्ख्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द. तारखात्यातही तसंच होतं, दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना नंबर दिलेले असायचे, तारेतून जायचा फक्त नंबर आणि पलीकडचा माणूस यादी बघून पूर्ण वाक्य लिहून द्यायचा. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली तोवर ही सोय होती.

आणि मला सगळ्यात आवडते ती करपल्लवी, हाताच्या खुणांनी बोलायची पद्धत. हाताने अहिफण म्हणजे सापाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टणत्कार म्हणजे ट-वर्ग, तरू म्हणजे त-वर्ग, पल्लव म्हणजे प-वर्ग, यौवन म्हणजे य पासूनची अक्षरं आणि शृंगार म्हणजे श पासूनची. खुणेचं नावच त्या अक्षराने सुरू होतं म्हणून लक्षात ठेवायला सोपं. मग बोटं दाखवायची, वर्गातलं कितवं अक्षर ते. म सांगायचा तर पल्लव करून पाच बोटं, ल सांगायचा तर यौवन करून तीन. हिला जरा लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्युटरपाशी ती परत भेटणार आहे.

यातून कुठल्याही कोडला विचारायचे दोन प्रश्न मिळतात. एक, हे आधी कोणी आणि कुणाशी ठरवलं? दोन, कोडवरून उलटं मूळ गोष्टीपर्यंत परत जाता येतं का? भाचीला मी हेच दोन प्रश्न दिले आणि सांगितलं की पुढचं सगळं यावरच आहे.

## पिन कोड: आकडा आहे पण संख्या नाही

पिन कोड एका मराठी माणसाने आणला हे फार थोड्यांना माहीत असतं, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पद्धत सुरू झाली. अडचण साधी होती, एकाच नावाची गावं ढिगाने (आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजा), पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत, वाचणारा माणूस तिसऱ्याच राज्यातला. म्हणून सहा आकडे. पहिला आकडा देशातला विभाग, पहिले तीन मिळून पत्रं वाटून लावायचा जिल्हा, शेवटचे तीन ते पोस्ट ऑफिस. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, गोव्याचे ४०३ ने.

आता पुण्याचा ४११००१ आणि सोलापूरचा ४१३००१, यांची सरासरी काढा, ४१२००१. म्हणून ते दोघांच्या बरोबर मध्ये असेल का? नाही, कारण पिन कोड आकड्यांत लिहिलेलं नाव आहे, मोजलेली संख्या नाही. हे वाचताना बाळबोध वाटेल पण संशोधनात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, खाली दाखवते.

तसंच बारकोडचं. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे वस्तू भारतात बनली असा मेसेज दर दोन महिन्यांनी घरच्या ग्रुपवर येतो. ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर जीएस१ (बारकोडचे नंबर देणारी जागतिक संघटना) च्या भारतातल्या संस्थेने दिलाय, वस्तू कुठे बनली ते त्यात लिहिलेलंच नसतं. कोडमध्ये जे ठरवून घातलं नाही ते त्यातून वाचता येत नाही.

## भाषावाले ‘कोड’ म्हणतात तेव्हा

भाषाशास्त्रात कोड म्हणजे अख्खी भाषाच, किंवा बोली, किंवा बोलायची एक ढब. आईशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्रजी, हे बदलणं म्हणजे कोड-स्विचिंग. आणि एकाच वाक्यात ‘मी त्याला कॉल केला पण त्याने पिकच नाही केला’ हे कोड-मिक्सिंग. टेबल, पेन, दुकान, अर्ज हे शब्द मात्र आता यात धरत नाहीत, ते उसने आले आणि घरचेच झाले, दुकान आणि अर्ज तर फारसी-अरबीतून येऊन इतकी शतकं झाली की कोणाला परके वाटतही नाहीत.

लोक यावर चिडतात, भाषा बिघडली म्हणतात. पण नीट ऐकलंत तर मिसळण्यालाही व्याकरण असतं, ‘कॉल केला’ म्हणतो, ‘कॉल्ड केला’ कोणी म्हणत नाही, इंग्रजी शब्दाला मराठी क्रियापद आणि मराठीच प्रत्यय लागतो. दोन्ही भाषा बऱ्यापैकी येत असल्याशिवाय हे जमत नाही.

बेसिल बर्नस्टीन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने अजून एक भेद सांगितला. घरात आपण म्हणतो ‘अगं ते दे ना तिथलं’ आणि समोरचीला कळतं. तेच परक्या माणसाला सांगताना ‘कपाटाच्या वरच्या खणातली निळी फाईल द्या’. पहिला मर्यादित कोड, दुसरा विस्तृत. पहिल्यात अर्थ शब्दांत कमी आणि दोघांच्या ओळखीत जास्त असतो. याचा काहींनी असा अर्थ लावला की घरगुती बोलणारे लोक विचारात कमी पडतात, त्यावर भरपूर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

## कॉम्प्युटरमध्ये एक नाही, दोन कोड

कॉम्प्युटरला ‘ते दे ना तिथलं’ कधीच कळत नाही. त्याच्याकडे फक्त ० आणि १, अशा एका घराला बिट म्हणतात. मग त्यात क कसा ठेवायचा? नंबर देऊन. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना नंबर देणारी यादी म्हणजे युनिकोड. त्यात क २३२५, ख २३२६, ग २३२७ असं चालतं. च कितवा? २३३०. ट २३३५. त २३४०. पाच-पाचाच्या उड्या, म्हणजे वर्गवारीच, करपल्लवीत बोटांनी मोजायचे तीच! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

यादी एकच असण्याचं महत्त्व ज्यांनी जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाईप केलंय त्यांना विचारा. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेला नंबर इंग्रजी अक्षराचाच असायचा, फक्त पडद्यावर त्याच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दिसायचं. फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेली, तिथे तो फॉन्ट नसला की अख्ख्या निमंत्रणपत्रिकेची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. नंदभाषेचंच झालं, यादी दोघांकडे सारखी नव्हती. आणि यादी नीट असली की केवढा बारकावा टिकतो बघा, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, हा मराठीचा खास ऱ युनिकोडमध्ये स्वतःचा नंबर घेऊन बसलाय, २३५३.

याची किंमतही असते. एका एसएमएसला जागा ठरलेली, ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ पुरतात म्हणून १६० अक्षरं मावतात, देवनागरीला १६ लागतात म्हणून फक्त ७०. आणि तिथे अक्षर म्हणजे नुसतं व्यंजन नाही, ‘मराठी’ मध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच नंबर जातात.

हा झाला पहिला कोड, अक्षर साठवायचा. दुसरा म्हणजे प्रोग्रॅमवाला, आज्ञावली. माणसाला वाचता येईल अशा शब्दांत कामाच्या पायऱ्या लिहायच्या तो सोर्स कोड, आणि त्याचं मशीनच्या ०-१ मध्ये रूपांतर करणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. इथे फरक असा की हा कोड नुसतं सांगत नाही, करायला लावतो. आई ‘चवीपुरतं मीठ’ लिहिते आणि भाजी बरोबर होते कारण वाचणाऱ्याला जीभ आहे. प्रोग्रॅममध्ये किती ग्रॅम, किती माणसांसाठी, मीठ संपलं असेल तर काय, सगळं लिहावं लागतं. वाइब कोडिंगमध्ये हे लिहायचं काम एआय करतं, तुम्ही बोलीभाषेत सांगायचं. पण चवीपुरतं म्हणजे किती ते मग एआय ठरवतं, आणि तयार झालेला प्रोग्रॅम तुम्ही वाचला नाहीत तर त्याने काय ठरवलं ते तुम्हाला कळतही नाही.

## आता मुलाखतींचं कोडिंग

संशोधनातही दोन प्रकार. पहिला सोपा, प्रश्नावलीतल्या उत्तरांना आकडे देणं. पुरुष १, स्त्री २. ‘पूर्ण सहमत’ ५, ‘पूर्ण असहमत’ १, ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. उत्तर दिलं नाही तर ९९. आणि इथेच पिन कोडवाली चूक होते. समजा पाच दुकानदारांचं वय विचारलं, ३४, ४१, ५२, ३८, आणि पाचव्याने सांगितलं नाही म्हणून ९९ लिहिलं. एक्सेलला कळत नाही की ९९ म्हणजे ‘माहीत नाही’, ते सरासरी काढतं ५२.८. खरी, चौघांची, ४१.२५. पाच माणसांत दिसतं हे, पाचशेत दिसत नाही आणि तसंच छापलं जातं.

दुसरा प्रकार भाचीचा. मुलाखतीतलं वाक्य वाचायचं, त्यात काय घडतंय ते ओळखून छोटं नाव द्यायचं, ते नाव म्हणजे कोड. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोघांनी १९६७ मध्ये ही पद्धत मांडली, जिला ग्राउंडेड थिअरी म्हणतात, म्हणजे सिद्धांत आधी न ठरवता माहितीतून वर येऊ द्यायचा.

आम्ही दोघींनी एक वाक्य घेतलं. दुकानदार काका म्हणाले होते, “पोरं येतात, स्कॅन करतात, जातात, उधारी उरलीच नाही, पण पूर्वी वहीत लिहिताना घरचं दोन शब्द बोलणं व्हायचं, ते गेलं.” भाचीने लिहिलं ‘डिजिटल पेमेंटचा फायदा’. मी म्हटलं परत वाच. मग तिने तीन कोड केले: ‘व्यवहार पटकन’, ‘उधारी बंद’, ‘दोन शब्द बोलणं गेलं’. तिसरा काकांचाच शब्द उचलून केलाय, अशाला इन विवो कोड म्हणतात. असे सगळ्या मुलाखतींत मिळून साठ-सत्तर कोड निघतात, ही पहिली फेरी. मग सारखे एकत्र करायचे, ‘उधारी बंद’ आणि ‘वही मोडीत काढली’ आणि ‘महिन्याचं गिऱ्हाईक तुटलं’ यांचं एकमेकांशी नातं काय ते बघायचं, आणि शेवटी सगळ्याला जोडणारा एखादा धागा सापडतो का बघायचं. प्रत्येक कोडचा अर्थ, तो कधी लावायचा आणि कधी नाही, हे एका वहीत लिहून ठेवायचं, ते कोडबुक.

आता ते दोन प्रश्न विचारा. कोणी ठरवलं? इथे ठरवणारे तुम्हीच. उलटं जाता येतं का? नाही. ‘उधारी बंद’ वरून काकांचं वाक्य परत मिळत नाही. मोर्स कोडमध्ये (तारेच्या टिंब-रेघांच्या खुणांत) काही हरवलं तर ती चूक, इथे मात्र काय गाळायचं हे ठरवणं म्हणजेच काम. म्हणून प्रत्येक कोडच्या शेजारी मुलाखत नंबर आणि ओळ नंबर लिहायचाच, परत जायचा तेवढाच रस्ता असतो.

## पण मग हे प्रत्येकाच्या मनावरच नाही का?

थोडं आहेच, आणि म्हणून तपासायची पद्धत आहे. तीच मुलाखत दुसऱ्या माणसाला कोड करायला द्यायची आणि किती जुळतं ते बघायचं. नुसती टक्केवारी फसवते. समजा दोघीही शंभरातल्या नव्वद वाक्यांना ‘तक्रार आहे’ म्हणतात, तर डोळे मिटून कुठल्याही नव्वदांवर खुणा केल्या तरी योगायोगाने साधारण ८२ वाक्यं जुळतील. हा योगायोग वजा करून मोजायचं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं, कोहेन्स कप्पा.

## एआयला दिलं तर पाच मिनिटांत होईल ना?

कोड लावून मिळतील, हो. पण एआयला काकांचा चेहरा दिसला नाहीये, आणि ‘दोन शब्द बोलणं गेलं’ च्या जागी ‘ग्राहक संबंधांत घट’ असं गुळगुळीत काहीतरी येण्याची शक्यता फार. आधी स्वतः चार-पाच मुलाखती कोड करा, कोडबुक बनवा, मग उरलेल्यांना मदत घ्या आणि तपासा. शिवाय दुसऱ्याची मुलाखत कुठल्याही ॲपमध्ये टाकायची तर त्या माणसाची परवानगी हवी, हे तर आधीच.

## इंग्रजीत भाषांतर करून मग कोड करू का?

रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा असतो म्हणून बरीच मुलं असंच करतात आणि मला हे मनापासून पटत नाही. ‘उधारी’ चं क्रेडिट केलं की क्रेडिट कार्ड आणि बँकेचं कर्जही त्याच डब्यात येतं, वही, ओळख, महिनाअखेरचा शब्द, सगळं गळून जातं. कोड मराठीतच करा, भाषांतर अगदी शेवटी, आणि तेव्हाही मूळ शब्द शेजारी ठेवा.

भाचीने तसंच केलं. आठवी मुलाखत तिच्या मैत्रिणीने पण वेगळी कोड केली आणि बरंचसं जुळलं, फक्त एका शब्दावर अडलं. धंदा कसा चाललाय विचारल्यावर दुकानदार म्हणाले होते, “चालतंय.” एकीने लिहिलं ‘समाधानी’, दुसरीने ‘नाइलाज’. तेव्हा दोघींनी रेकॉर्डिंग लावलं आणि ‘चालतंय’च्या आधी ते जवळजवळ सहा सेकंद काहीच बोलले नव्हते, मागून फक्त वजनकाटा बंद केल्याचा आवाज येत होता. टाईप करताना ते सहा सेकंद कागदावर आलेच नव्हते. आता भाची चौदाही मुलाखती परत ऐकतेय, थांबलेल्या जागा लिहून काढायला.